घरी बांधलेली मोटार आणि तिची नोंदणी

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या खेड्यापाड्यांत कसबी हातांची वाण नाही. मोडीत निघालेल्या जीपचा सांगाडा, दुचाकीचे इंजिन आणि रिक्षाची चाके जोडून एखाद्या तरुणाने चालती गाडी उभी केली, तर आम्हांला त्याचे कौतुकच वाटते. परंतु तिची नोंदणी कशी व्हावयाची, हा प्रश्न बहुधा पैसे खर्चून झाल्यावरच विचारला जातो.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने मुलाच्या हौसेखातर, भंगारातील सामान वापरून, सुमारे ६०,००० रुपयांत किक मारून सुरू होणारी एक चिमुकली जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर प्रशंसा केली. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, हेही त्यांनी सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. असा दाता प्रत्येक कारागिराला लाभेल, असे कोणी समजू नये!

आता अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून कोणतीही मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. नव्या गाडीच्या नोंदणीस उत्पादकाने दिलेला नमुना २२ चा दाखला लागतो. आणि त्या दाखल्यामागे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत झालेली मूळ नमुन्याची चाचणी असते. ही सारी व्यवस्था कारखानदारांसाठी रचलेली आहे. एकच गाडी बांधणाऱ्याच्या ऐपतीची ती नव्हे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी करून तिला नोंदणी देतात. तसा दरवाजा येथेही उघडावा, असे आमचे मत आहे.

कित्येकांची अशी समजूत असते की, जुन्या जीपचे नोंदणीपुस्तक घरात आहे, तेच नव्या गाडीस चालेल. ती समजूत चुकीची आहे. ते पुस्तक त्या विशिष्ट सांगाड्याचे व त्या इंजिनाचे असते. कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये मूळ रचना बदलण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. इंजिन जोडलेला ‘जुगाड’ हादेखील मोटार वाहनच होय, असे त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले आहे.

दंडापेक्षा आम्हांला दुसरीच चिंता अधिक वाटते. कापूस वेचणीच्या दिवसांत अशा गाडीत माणसे दाटीवाटीने बसतात. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. आणि उद्या ब्रेक निकामी होऊन कोणी दगावले, तर नुकसानभरपाईचा सारा बोजा मालकावर पडतो. मग शेत विकावे लागते, आणि दोन घरे एकदम बुडतात.

तेव्हा ज्याला गाडी बांधावयाची असेल त्याने ती अवश्य बांधावी, पण स्वतःच्या शेताच्या बांधाआतच फिरवावी. जुन्या गाडीचे केवळ इंजिन बदलावयाचे असल्यास आदिलाबादच्या परिवहन कार्यालयाची संमती आधी घ्यावी. आणि जी जीप सुट्या भागांसाठी कायमची मोडली, तिची खबर नोंदणीपुस्तकासह १४ दिवसांच्या आत त्याच कार्यालयास द्यावी. नाही तर ती कागदोपत्री वडिलांच्या नावे तशीच उभी राहते.