नोकरी गेली की औषधही जावे काय?

कुवेतमधल्या मिरकाबच्या बसस्टँडजवळ शुक्रवारी चहाला जमलो की एक वाक्य हमखास ऐकू येते : फ्रेंचांनी अमेरिकेला शहाणपण शिकवू नये. ज्यांच्या देशात संप आणि पेन्शनवरची भांडणे संपत नाहीत, ते जगातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेच्या चुका काय काढणार? असे म्हणणारे माझे स्नेही आहेत, त्यांच्यापैकी काहींची मुले न्यू जर्सीत आहेत. तरीही हे मत मला मान्य नाही. या वादात आपला अकामाही, म्हणजे इथे राहण्याचा परवानाही, गुंतला आहे, म्हणून त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

पूर्वपक्ष आधी न्यायाने मांडतो. अमेरिकेचे दरडोई उत्पन्न फ्रान्सपेक्षा खूप जास्त आहे. फ्रान्समधली बेकारी अमेरिकेहून कितीतरी अधिक असते. तिथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 30 टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेवर खर्च होते आणि तिचा बोजा पगारावर पडतो, त्यामुळे नवा माणूस कामावर घेताना मालक दहादा विचार करतो. हे सगळे खरे आहे. शिवाय अलेक्सी द तोकव्हिल या फ्रेंच विचारवंतानेच 1835 मध्ये कायद्याने मिळणाऱ्या सरकारी मदतीला विरोध केला होता, असाही दाखला दिला जातो. तोही खरा आहे.

पण साक्षीदार बोलवायचा तर त्याची साक्ष पूर्ण ऐकावी. याच तोकव्हिलने 1831 मध्ये अमेरिका पाहिली आणि पुढे आपल्या ग्रंथात तिच्या लोकशाहीचे मनापासून कौतुक केले. त्याच ग्रंथाच्या 1840 च्या भागात त्याने धोक्याची सूचनाही दिली : कारखानदारांचा एक नवा सरंजामी वर्ग उभा राहील, तो माणसांकडून काम करून घेईल आणि गरज संपली की त्यांना लोकांच्या दयेवर सोडून देईल. जुन्या सरदाराला आपल्या कुळांची निदान काही जबाबदारी वाटे. या नव्या मालकाला ती वाटणार नाही.

सरासरी उत्पन्नाच्या आकड्याचेही तसेच. तोमा पिकेटी आणि इमॅन्युएल साएझ या दोन फ्रेंच अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्याच प्राप्तिकराच्या नोंदी चाळून सरासरीच्या आत काय दडले आहे ते दाखवले. अमेरिकेत सर्वांत वरचा प्राप्तिकर 1950 च्या दशकात 91 टक्के होता, 1988 मध्ये तो 28 टक्क्यांवर आला. पहिल्या काळात देश भिकेला लागला नव्हता, उलट तिथला मध्यमवर्ग तेव्हाच उभा राहिला. दुसऱ्या काळात वाढीचा मोठा वाटा वरच्या थोड्यांकडे गेला. केंद्राने ठरवलेले किमान वेतन 2009 पासून तासाला सव्वासात डॉलरवर थांबले आहे. आरोग्यावर अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 17 टक्के खर्च करते, फ्रान्स 12 टक्क्यांच्या आसपास. तरी सरासरी आयुष्य फ्रान्समध्ये चार-पाच वर्षांनी अधिक आहे. याला कार्यक्षमता कसे म्हणायचे?

आता मुळाशी येतो : नोकरी आणि औषध यांची गाठ पडली कशी? दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, अमेरिकी सरकारने पगारवाढ गोठवली. पगार वाढवता येईना तेव्हा मालकांनी माणसे टिकवण्यासाठी आरोग्यविमा देऊ केला आणि विमा नोकरीला चिकटला तो आजतागायत. नोकरी गेली की तोच विमा पुढे चालू ठेवता येतो, पण मालकाचा हप्ताही स्वतःच भरायचा, तोही पगार बंद झाल्यावर. एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी इंजिनियरला तर नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला 60 दिवस मिळतात.

मिरकाबमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कुवेती नागरिकाला शिक्षण, उपचार आणि 1976 पासून पेन्शनची व्यवस्था आहे. आपला मात्र अकामा कफीलच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाच्या, नावाशी बांधलेला, आणि 1999 च्या कायद्याने आरोग्यविमा अकाम्याशी बांधलेला. इथल्या सरकारी दवाखान्यातला खर्च अमेरिकेसारखा घर विकायला लावत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण म्हातारपणासाठी काय? 2010 च्या कायद्याप्रमाणे मासिक पगारदाराला पहिली पाच वर्षे वर्षाला 15 दिवसांचा पगार, पुढे वर्षाला एक महिन्याचा, आणि सगळे मिळून जास्तीत जास्त दीड वर्षाचा पगार. तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर काहीच नाही. माझ्या ओळखीचा एक जण छातीतले दुखणे लपवून कामावर जात राहिला, कारण अकाम्याचे नूतनीकरण महिन्यावर आले होते. आजारी माणूस मालकाला नको असतो, हे तो जाणून होता. सुरक्षेमुळे माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी असुरक्षेमुळे माणसाचे काय होते तेही पाहावे.

"तेल असेल तरच अशी सुरक्षा परवडते," असे कुणी म्हणेल. फ्रान्समध्ये तेल नव्हते. 1945 मध्ये पिएर लारोक आणि कामगारमंत्री आंब्रोआझ क्रोआझा यांनी सामाजिक सुरक्षेची यंत्रणा उभारली तेव्हा देश युद्धाने मोडला होता, पाव रेशनवर मिळत होता. मालक आणि कामगार दोघांची वर्गणी एका सामाईक निधीत जाऊ लागली. 2016 पासून तर तिथे कायदेशीरपणे स्थिर राहणाऱ्याला, परकीयालाही, नोकरी नसताना आरोग्यसुरक्षा मिळते.

आणि हे तत्त्व आपल्याला परके नाही. महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी कायदा आठवा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित करून तो लढा दिला होता. हमाल आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्या. म्हणून मजुरी आणि वरची लेव्ही व्यापाऱ्याने माथाडी मंडळाकडे जमा करायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार मंडळाने पाहायचे, अशी सोय कायद्याने केली. व्यापारी बदलला तरी हमालाचे खाते बदलत नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला जे मिळवून देता आले, ते परदेशी राबणाऱ्याला मिळूच शकत नाही, हे मी मानायला तयार नाही.

भारत आणि फ्रान्स यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 1 जुलै 2011 पासून लागू आहे. दोन्ही देशांतली नोकरीची वर्षे त्यात पेन्शनसाठी एकत्र धरता येतात. अमेरिकेशी असा करार अजून नाही. तिथे दहा वर्षे भरण्याआधी परतलेल्या भारतीयाला, पगारातून कापून घेतलेल्या वर्गणीवर पेन्शन मिळत नाही. कुवेतशीही करार नाही. रत्नागिरीपासून नांदेडपर्यंत ज्यांच्या घरचे कुणी आखातात आहे, त्यांनी मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला अशा कराराबद्दल विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.