नवशिक्याची तक्रार खोटी नाही

एखादे साधन गुणाने श्रेष्ठ असावे आणि तरीही ते शिकताना नवशिक्याचा जीव मेटाकुटीस यावा, यात विसंगती नाही. संगणकावरील प्रोग्रॅमच्या लेखनाचा इतिहास जतन करणाऱ्या ‘गिट’ या साधनाबाबत नेमके हेच घडले आहे. मात्र त्याचे जाणकार पहिली गोष्ट अभिमानाने सांगतात आणि दुसरी बोलून दाखवणाऱ्यास आळशी ठरवून मोकळे होतात. हा न्याय नव्हे.

ज्याने एकाच टिपणाचे ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ आणि ‘खरोखरचे अंतिम’ असे मसुदे साठवले आहेत, त्याला अशा साधनाची गरज पटवून द्यावी लागणार नाही. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत जुनी नोंद खोडून काम भागवले जात नाही. नव्या बदलास नवा क्रमांक मिळतो. गिटची रीत बव्हंशी तशीच. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद होते आणि का बदलले हे नोंदणाऱ्याने लिहावे अशी अपेक्षा असते. ‘सीव्हीएस’, ‘सबव्हर्जन’ या आधीच्या साधनांत ही वही एका मध्यवर्ती संगणकावर असे व प्रत्येक नोंदीसाठी त्याचे दार ठोठवावे लागे. गिटमध्ये संपूर्ण वही, पहिल्या पानापासून, काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ असते. इंटरनेट बंद पडले तरी नोंदी अडत नाहीत. विकेंद्रीकरण हा शब्द सभासंमेलनांतून झिजून गेला आहे; येथे तो अक्षरशः खरा आहे.

हे साधन कोणासाठी जन्मले हे पाहिले म्हणजे त्याच्या खडबडीतपणाचे कारण उमगते. लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ या खासगी मालकीच्या साधनावर चाले. अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याच्याशी जुळणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिण्याचा प्रयत्न केला, त्यावरून वाद झाला आणि २००५ मध्ये मालकांनी फुकट वापराची सवलत काढून घेतली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये अवघ्या काही दिवसांत गिटचा पाया घातला; जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती त्याच्याच आधारे बाहेर पडली. जुलैत देखभालीची धुरा जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. निकडीचे काम, आणि तेही निष्णातांनी निष्णातांसाठी केलेले. आतल्या यंत्रणेला ‘प्लंबिंग’ आणि वापरणाऱ्यासमोर येणाऱ्या भागाला ‘पोर्सलेन’ ही नावे या मंडळींनीच रूढ केली. नळ आधी बसले, मोरी मागाहून बांधली गेली आणि तिला अनेक गवंड्यांचे हात लागले.

अशा घरात नवशिका पाऊल टाकतो. नाव आणि ईमेल कळवल्याखेरीज पहिली नोंद होत नाही. नोंदीचे कारण लिहिण्यासाठी बहुधा ‘व्हिम’ हा संपादक उघडतो. त्यातून बाहेर कसे पडावे हे न कळल्याने बिचारा खिडकीच बंद करतो. बदल नोंदवण्याआधी तो एका मधल्या जागी मांडावा लागतो आणि त्या एका जागेला ‘इंडेक्स’, ‘कॅश’ व ‘स्टेज’ अशी तीन नावे. एका शाखेवरून दुसरीवर जाणे आणि फायलीतील बदल टाकून देणे ही अगदी भिन्न कामे वर्षानुवर्षे ‘चेकआउट’ या एकाच आज्ञेने होत. त्यांसाठी ‘स्विच’ व ‘रिस्टोअर’ अशा वेगळ्या आज्ञा आल्या त्या ऑगस्ट २०१९ मध्ये, चौदा वर्षांनी! जुनी नोंद पाहू जावे तर ‘डिटॅच्ड हेड’, म्हणजे धडावेगळे शिर, असा इशारा समोर येतो; वस्तुतः काहीच बिघडलेले नसते. मराठी विद्यार्थ्याला आणखी एक आहेर मिळतो. त्याने फायलीचे नाव ‘निबंध’ असे ठेवले, तर गिट मूळ व्यवस्थेत त्या अक्षरांऐवजी तिरप्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांची लांबलचक माळ दाखवते. ‘कोटपाथ’ नावाचा एक पर्याय बंद केला की देवनागरी दिसू लागते. पण असा पर्याय आहे, हे त्याला पहिल्या दिवशी कोण सांगणार?

विकेंद्रित साधन दुर्बोध असणारच, हा युक्तिवादही टिकत नाही. त्याच एप्रिल २००५ मध्ये, त्याच वादातून, मॅट मॅकॉल यांचे ‘मर्क्युरिअल’ पुढे आले. प्रत्येकाजवळ पूर्ण इतिहास हे तत्त्व तेच. आज्ञा मात्र सुटसुटीत, आणि मधल्या जागेची सक्ती नाही. ते मागे पडले. आरंभी केवळ मर्क्युरिअलसाठी निघालेल्या ‘बिटबकेट’नेही २०२० मध्ये त्याची साथ सोडली. बहुमत दुसरीकडे गेले म्हणून मर्क्युरिअलने दाखवलेली शक्यता खोटी ठरत नाही.

तक्रारीहून गंभीर गोष्ट भयाची आहे. पाच-सहा आज्ञा मंत्रासारख्या पाठ करायच्या आणि काही अडले की सारे फोल्डर बाजूला ठेवून नवी प्रत घ्यायची, अशी अनेकांची कार्यपद्धती असते. म्हणजे ज्या रोगावर औषध घेतले तोच रोग पुन्हा जडला. याचा दोष शिकणाऱ्याकडे कमी आणि आज्ञांपासून आरंभ करणाऱ्या शिकवण्याकडे अधिक जातो. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरूनच काढलेली, रूढ मांडणीत ४० अक्षरांची ओळख असते. तिच्यात आधीच्या नोंदीची ओळखही गुंफलेली असते. आणि ‘शाखा’ म्हणजे त्या ४० अक्षरांकडे बोट दाखवणारे एक नाव, एवढे फळ्यावर काढून दाखवायला एक तास पुरेसा आहे. मग शाखा काढणे-पुसणे इतके हलके का, हे आपोआप कळते. दुसऱ्या तासाला सांगावे की नोंदवलेले सहसा हरवत नाही: ‘रेफलॉग’ नावाची रोजनिशी निराधार झालेल्या नोंदींचाही माग सर्वसाधारणपणे ३० दिवस ठेवते. न नोंदवलेले मात्र एका ‘हार्ड रीसेट’ने कायमचे जाऊ शकते. भ्यायचेच तर येथे भ्यावे.

हे तत्त्व समजून घेण्याची निकड केवळ सोयीपुरती नाही. नवशिक्याला गिट बहुधा भेटते ते ‘गिटहब’च्या दारी, आणि दोन्ही एकच आहेत असे तो धरून चालतो. गिटहब २००८ मध्ये सुरू झाले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरना घेतले. जे साधन मध्यवर्ती वहीची गरज संपवण्यासाठी उपयोगी, त्याच्याच भोवती नवी चावडी उभी राहिली. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया व क्रिमिया येथील लोकांच्या खात्यांवर बंधने घातली. अनेकांची खासगी भांडारे एकाएकी बंद झाली. इराणसाठी ती बंधने उठल्याची घोषणा जानेवारी २०२१ मध्ये झाली, म्हणजे दीड वर्ष गेले. ज्यांच्या संगणकावर पूर्ण प्रत होती त्यांचा इतिहास त्यांच्याजवळच राहिला. चर्चा, सूचना, तक्रारींच्या नोंदी मात्र गिटच्या वहीत नसतात. त्या चावडीतच राहतात.

म्हणून पहिला धडा संकेतस्थळावर खाते उघडण्याचा नसावा. ‘बंडल’ ही आज्ञा सगळा इतिहास एका फायलीत बांधून देते. ती पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या बाकावर द्यावी, त्या विद्यार्थ्याने आपल्या नोंदी जोडून परत करावी, आणि दोघांनी एकाच ओळीत केलेले बदल कसे भिडतात व ते कसे सोडवावेत हे वर्गातच पाहावे. त्यासाठी खाते लागत नाही, परवानगी लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही.