प्राणहितेच्या दोन तीरांवरचे ‘प्रमेय’

अहेरीजवळून वाहणारी प्राणहिता महाराष्ट्र आणि तेलंगण यांना विभागते. ऐलतीरावरील मराठी पाठ्यपुस्तकात ‘प्रमेय’ म्हणजे सिद्ध करावयाचे विधान. पैलतीरावरील तेलुगू पाठ्यपुस्तकात ‘प्रमेयम्’ म्हणजे इंग्रजीतले ‘फंक्शन’! ‘सेट’ला मराठीत संच, हिंदीत समुच्चय, तेलुगूत समिती. शब्द सारे संस्कृतचे. परंतु ते घडविणाऱ्यांनी शेजाऱ्याचे दार ठोठावले नाही.

ही फारकत अटळ होती काय? मुळीच नाही. १९४६ मध्ये डॉ. रघुवीर यांनी आपली संस्था लाहोरहून नागपुरास आणली. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे सर्व भारतीय भाषांना समान ठरेल अशी परिभाषा त्यांनी सिद्ध केली. चांदा जिल्ह्यातील अहेरी तेव्हा त्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात होती. पुढे जनसंघाचे अध्यक्ष झालेल्या या पंडिताच्या शब्दांची ‘क्लिष्ट’ म्हणून टवाळी झाली. टवाळखोरांनी पर्याय कोणता दिला? सेमी-इंग्रजी!

‘गणिताला भाषा नसते’, हे त्यांचे समर्थन. मग ‘साइन’ आला कोठून? आर्यभटाची ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत तिचे ‘जीबा’ झाले. स्वरांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’, म्हणजे वस्त्राची चुणी, असा वाचला गेला आणि बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे ‘सायनस’ केले. चुकीच्या वाचनातून निपजलेला हाच शब्द आज मराठी पाठ्यपुस्तकात ‘साइन’ म्हणून विराजमान आहे. धनुष्याची दोरी ओळखणाऱ्या माडिया मुलाने अर्थवाही ‘ज्या’ टाकून हा निरर्थक ध्वनी घोकावा, यापरते दुर्दैव कोणते?

अमूर्त बीजगणितातही तेच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करूनही जिच्याबाहेर जावे लागत नाही, अशा स्वयंपूर्ण संख्याव्यवस्थेला जर्मन गणिती डेडेकिंडने १८७१ मध्ये स्वभाषेतील ‘शरीर’ हा साधा शब्द दिला. फ्रेंचांनीही शरीरच म्हटले. इंग्रजीने ‘फील्ड’ म्हटले आणि आपण निमूटपणे ‘क्षेत्र’! संकल्पनेचे नव्हे, इंग्रजी शब्दाचे भाषांतर झाले. हा दोष आपलाच आहे. तो झाकून स्वाभिमान सिद्ध होत नाही.

म्हणून परिभाषा सर्व भारतासाठी एक हवी, प्रत्येक संज्ञेची व्युत्पत्ती पाठ्यपुस्तकात हवी आणि वनवासी बालकाला संकल्पना प्रथम त्याच्या गोंडी-माडियातून समजावयास हवी. नदीच्या दोन्ही तीरांवर प्रमेयाचा अर्थ एक होईल, तेव्हाच राष्ट्रीय शिक्षणाचे प्रमेय सिद्ध झाले असे म्हणता येईल.