मोबाईलला वही समजा, वैद्य नव्हे

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण रुग्णालयातून घरी येतो तेव्हा त्याच्यासोबत गोळ्यांची पिशवी असते, कागदांची फाईल असते आणि मनात भीती असते. अलीकडे त्यात मुलाने घेऊन दिलेल्या स्मार्टफोनची भर पडली आहे. रक्तदाब नोंदवायचे ॲप, पावले मोजणारे घड्याळ आणि हृदयरोगावर सल्ला देणारे असंख्य व्हिडिओ, असा सारा संसार त्यात असतो. ही साधने वापरावीत का, असे रुग्ण मला विचारतात. माझे मत असे की जरूर वापरावीत, पण नोंद ठेवण्यासाठी. निर्णय घेण्यासाठी नव्हे.

काही डॉक्टर मंडळी मोबाईलचे नाव काढताच रुग्णावर चिडतात. ते मला पटत नाही. चिडले की रुग्ण मोबाईल सोडत नाही, फक्त आपल्यापासून लपवतो. शिवाय मोबाईलचा फायदा होतो, हेही खरे आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे ७१० हृदयरुग्णांचा एक अभ्यास झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे निम्म्या रुग्णांना आहार, व्यायाम व धूम्रपान यांविषयी आठवड्याला चार साधे संदेश पाठवले गेले. सहा महिन्यांनी त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १२८ होता, तर इतरांचा १३६. विडी-सिगारेट ओढणारे त्यांच्यात २६ टक्के उरले होते, इतरांत ४३ टक्के. त्यासाठी महागडा फोनही लागला नाही.

मात्र याची दुसरी बाजूही पाहावी. ऑस्ट्रेलियातच १,४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोळ्या नियमित घेण्याच्या बाबतीत संदेश मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फरक आढळला नाही. मोबाईल आठवण करून देतो, पण गोळी तोंडात टाकायची ती आपणच.

आणि खरा धोका गोळ्यांपाशीच आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी अँजिओप्लास्टीनंतर चौथ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या होत्या. कारण विचारले तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, व्हिडिओत सांगितलंय, या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं. आणि ॲपमध्ये तर माझं सगळं नॉर्मल दाखवतंय." अहो, नॉर्मल दाखवत होते ते गोळ्यांमुळेच! सुदैवाने त्यांना काही होण्यापूर्वी ही गोष्ट कळली.

स्टेन्ट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्तवाहिनीचे आतले अस्तर तिच्यावर चढेपर्यंत रक्ताला ती परकी वाटते आणि तिच्यावर गुठळी धरू शकते. अशी गुठळी झाली तर पुन्हा झटका येतो आणि तो अनेकदा जीवघेणा ठरतो. म्हणून लोक ज्यांना 'रक्त पातळ करणाऱ्या' म्हणतात त्या दोन गोळ्या साधारण वर्षभर देतात आणि पुढेही त्यांपैकी एक बहुधा चालूच ठेवतात. कोलेस्टेरॉलची गोळीही तपासणीचा आकडा खाली आला म्हणून सोडायची नसते. त्रास वाटला तर डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा औषध बदलून देतील. व्हिडिओतल्या उंटावरच्या शहाण्याला तुमची फाईल ठाऊक नसते.

आता घड्याळाविषयी. काही घड्याळे हृदयाचा आलेख काढतात आणि ठोके अनियमित पडत असतील तर ते दाखवतातही. पण तो आलेख एकाच बाजूचा असतो. दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, आणि तरीही पहिल्या ईसीजीत झटका कधी कधी दिसत नाही. तेव्हा छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ, धाप अशी लक्षणे असतील तर घड्याळ काय म्हणते ते पाहत बसू नये; १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. मधुमेहींना आणि स्त्रियांना कधी कधी छातीत न दुखता नुसती धाप लागते किंवा एकाएकी थकवा येतो, हेही ध्यानात ठेवावे.

मग मोबाईलचा उपयोग कशासाठी करावा? गोळ्यांच्या वेळेचा गजर लावावा. चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओग्राफीचा अहवाल यांचे फोटो काढून ठेवावेत. रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर जावे लागले तर त्या फोटोंची मोठी मदत होते. रक्तदाब मात्र घड्याळावर मोजू नये. दंडाला पट्टा बांधायच्या यंत्रावर, पाच मिनिटे शांत बसून मोजावा आणि तारीख घालून लिहावा. वजन आणि रोजचे चालणेही लिहावे. किरकोळ शंकेसाठी सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. पण छातीत दुखत असताना तो मार्ग नव्हे.

मुलामुलींनाही एक सांगणे आहे. आई-वडिलांचे ॲप पुण्या-मुंबईतून पाहता येते, ही सोय चांगलीच, पण आठवड्यातून एकदा फोन करून, "बाबा, गोळ्यांच्या पाकिटात किती उरल्या?" एवढे विचारा. संपत आल्या असतील तर गावातल्या कोणाकडून तरी आणवून घ्या. औषध संपले म्हणून चार दिवस खंड पडला, असे सांगणारे रुग्ण मला व्हिडिओ पाहून औषध सोडणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भेटतात.

पुढच्या तपासणीला येताना मोबाईल जरूर घेऊन या. त्यातल्या नोंदी डॉक्टरांना दाखवा, पाहिलेला व्हिडिओही न संकोचता दाखवा. मात्र ते पाहून काय करायचे, हे त्यांच्यासमोर बसूनच ठरवा. आणि तोवर एकही गोळी बंद करू नका.