धरणाच्या पाण्यावरची सफर

चोंगचिंगहून यिचांगकडे यांगत्से नदीतून क्रूझने जावे का? प्रवाशाने हा प्रश्न केवळ खर्च आणि रजेच्या हिशेबाने सोडवू नये. ही बोट बहुतेक वेळ वाहत्या नदीवरून जात नाही. ती थ्री गॉर्जेस धरणाच्या सहाशे किलोमीटरहून लांब जलाशयावरून जाते. २०१० मध्ये त्याची पातळी प्रथमच १७५ मीटरपर्यंत चढली. या प्रकल्पासाठी सुमारे तेरा लाख माणसांना घरे सोडावी लागली.

जाऊ नये म्हणणाऱ्यांची बाजू भावनिक म्हणून झटकता येत नाही. फुलिंगजवळच्या पायहलियांग खडकावर बाराशे वर्षे नदीच्या नीचांकी पातळीच्या नोंदी कोरल्या जात होत्या. आज तो पाण्याखालच्या संग्रहालयात काचेतून पाहावा लागतो. प्राचीन सेनानी चांग फेई याचे मंदिर मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे उभारले गेले. बुडालेल्या गावांवरून सुटीची बोट फिरवणे कुणाला अनुचित वाटले, तर कोयना आणि सरदार सरोवराचे विस्थापित पाहिलेल्या मराठी वाचकाला ते समजावे.

दुसरीकडे, १९३१ आणि १९५४ च्या महापुरांत खालच्या खोऱ्यात झालेला संहार विसरून या धरणाचा न्याय करता येणार नाही. २२,५०० मेगावॉटची वीजक्षमताही लहान गोष्ट नव्हे. शिवाय देखावा संपला, हेही पूर्ण खरे नाही. धरणाजवळ पाणी सुमारे शंभर मीटर चढले, पण घळींचे कडे शेकडो मीटर उंच आहेत. छुतांग घळीचे तोंड आजही छाती दडपून टाकते. मात्र जुन्या नाविकांना धडकी भरवणारा प्रवाहाचा वेग आता तिथे नाही. ज्याला चुनखडीचे डोंगर आणि वाहते पाणीच हवे, त्याने क्वेलिनहून यांगश्वोला जाणारी ली नदीची बोट घ्यावी. ती निवड अधिक प्रामाणिक ठरेल.

खुद्द चीनमध्येही एकमत नव्हते. १९९२ मध्ये राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेत हा प्रकल्प मांडला गेला, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश सदस्यांनी विरोधी मत दिले किंवा ते तटस्थ राहिले. तिथल्या सभागृहात हे अपवादानेच घडते.

तरी माझा कल जाण्याकडे आहे. रेल्वेने काही तासांत हा टापू मागे पडतो. बोटीवर मात्र दिवसच्या दिवस तेच पाणी पाहावे लागते आणि उतारांवर वर सरकवलेली नवी शहरे एकामागून एक समोर येतात. धरणाचा आवाका आकड्यांनी कळत नाही, तो असा कळतो. फक्त ऋतू विचारपूर्वक निवडावा. शरदात जलाशय भरलेला असतो आणि हवाही सुखद असते. पण पूर सामावून घेता यावा म्हणून जूनपर्यंत पातळी १४५ मीटरवर आणली जाते आणि काठावर तीस मीटर उंचीचा उघडा पट्टा दिसू लागतो. उकाडा आणि पाऊस सोसूनही मी जूनच सुचवीन. पाणी कुठवर चढते आणि कशासाठी उतरवले जाते, हे त्या पट्ट्यावर स्पष्ट दिसते.