शीफू : चिनी घरातील सून

चिनी भाषेत सुनेला ‘शीफू’ म्हणतात. शब्द दोन अक्षरांचा, आणि दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगास स्त्रीचे चिन्ह आहे. पहिल्या अक्षराचा उरलेला भाग श्वास सुचवितो, तशीच संततीही. व्याजासाठीही तेच अक्षर योजतात. त्यावरून ‘सून म्हणजे घराचा श्वास’ असा गोड अर्थ लावण्याचा मोह होतो. पण तो खरा नव्हे. येथे संतती म्हणजे पुत्र आणि शीफू म्हणजे पुत्राची स्त्री. उत्तर चीनमध्ये तर नवराही आपल्या पत्नीचा उल्लेख याच शब्दाने करतो. जणू ती आधी घराची सून, मग त्याची पत्नी!

दुसरे अक्षर ‘फू’ अधिक बोलके आहे. त्यात स्त्रीशेजारी केरसुणी आहे. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन यांनी रचलेल्या कोशात हातात केरसुणी घेऊन झाडलोट करणारी स्त्री असाच त्याचा उलगडा केलेला आहे. परंतु १९७६ साली आन्यांगजवळ शांग राजा वू दिंग याची राणी फू हाओ हिची समाधी उजेडात आली. तिच्या नावातील ‘फू’ हे तेच अक्षर. तिने सैन्य नेल्याच्या नोंदी अस्थिलेखांत आहेत आणि समाधीत शंभरांहून अधिक शस्त्रे निघाली. सुमारे तेराशे वर्षांनंतरच्या कोशकाराला मात्र केरसुणी तेवढी दिसली.

‘अनेक वर्षे शिजत राहिल्यावर सुनेची सासू होते,’ अशी चिनी म्हण आहे. आपल्या ‘चार दिवस सासूचे’ या म्हणीची ही बहीणच. मात्र तिच्यात आच अधिक. बालपणीच सासरी आणून कामाला जुंपलेल्या मुलींसाठी तर ‘थुंग-यांग-शी’ असा वेगळा शब्दच होता. १९५० च्या विवाह कायद्याने बालवाग्दानावर बंदी आणली, हे त्या राजवटीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच राजवटीने पुढे ‘एकच मूल’ हे धोरण लादले. एकच मूल, तर मग तो मुलगाच हवा, असे असंख्य घरांनी ठरविले. २०२० च्या जनगणनेत स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे साडेतीन कोटींनी अधिक निघाले. मुलगी नकोशी करणाऱ्या खेड्यांतच आज सून मिळविण्यासाठी वरपिता कर्ज काढून वधूमूल्य मोजतो. त्यावरून होणारे तंटे इतके वाढले की, चीनच्या सर्वोच्च न्यायालयाला वधूमूल्य परत करण्याविषयी स्वतंत्र नियम करावे लागले. ते फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत.