आधी रिकामं कपाट पाळा

भालकी तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांचं एक सागवानी कपाट होतं. चार फूट रुंद, पाच फूट उंच, समोर काचेची दोन दारं. हॉलमध्ये टीव्हीचं नवं युनिट आलं आणि कपाट मागच्या पडवीत गेलं. मी पी.यू. सेकंड इयरला असताना माझ्या मामेभावानं एका मोठ्या शहरातून हिरवा इग्वाना विकत आणला. हा मूळचा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला सरडा. शेपूट धरून जेमतेम हातभर होता. विकणाऱ्यानं ना पावती दिली ना कुठला कागद. आम्हीही मागितला नाही.

मग काय, त्या कपाटाचं घर करायला घेतलं. मधल्या फळ्या काढल्या. छताला भोक पाडून बल्बचं होल्डर बसवलं. एका बाजूला बाभळीची फांदी आडवी लावली, तळाला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. दोन रविवारांत काम झालं, आणि खरं सांगतो, फार देखणं झालं होतं. गल्लीतली पोरं बघायला यायची. आम्ही फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

एप्रिलमध्ये बसवकल्याणला लग्न होतं. सकाळी सगळे निघालो. बल्ब रोज बारा तास चालू पाहिजे असं आम्ही व्हिडिओत पाहिलं होतं, म्हणून चालूच ठेवला. तो व्हिडिओ थंड देशातल्या माणसाचा होता, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. दुपारी पडवीवर पश्चिमेचं ऊन आलं. संध्याकाळी परतलो तेव्हा इग्वाना खालच्या कोपऱ्यात काचेला तोंड लावून पडला होता. मेला होता.

मामेभाऊ म्हणाला, "उन्हानं गेला." आजी एवढंच म्हणाली, "लेकरा, त्याला ओरडता येत नव्हतं रे."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितोय. जुन्या फर्निचरचं प्राण्यासाठी घर करायचा नाद आता आपल्याकडेही येतोय. सुतारकाम कोणालाही जमेल. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण घर प्राण्याच्या मापाचं करत नाही, आपल्या कपाटाच्या मापाचं करतो.

आमच्याच चुका बघा. सरपटणाऱ्या प्राण्याला घाम येत नाही. ऊब हवी तर तो उन्हात जातो, तापला की सावलीत सरकतो. म्हणजे त्याच्या घराला एक गरम बाजू लागते आणि एक थंड बाजू लागतेच. आम्ही गरम बाजू केली, थंड बाजू केलीच नाही. हवा खेळायला छताचं एक भोक, तेही होल्डरनं बुजलेलं. बीदर-कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. अशा दिवसांत काचेचं बंद कपाट म्हणजे भट्टीच. परदेशातल्या माणसाला प्राणी उबदार कसा ठेवावा ही काळजी असते. आपल्याला तो थंड कसा राहील ही काळजी हवी, आणि तीही दुपारी लाइट गेल्यावर.

दुसरी चूक काचेची. कपाट खिडकीशी ठेवलं की ऊन मिळतं, असं आम्ही धरून चाललो. पण उन्हातल्या ज्या अतिनील किरणांमुळे इग्वानाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. उष्णता आत येते, उपयोगाचं ऊन मात्र बाहेरच राहतं. तिसरी चूक मापाची. हातभर दिसणारा हा प्राणी शेपटीसकट पाच फुटांपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. आमचं कपाट चार फुटांचं. आणि मी तर डिग्रीला कलबुर्गीला येणारच होतो.

कायद्याचंही सांगतो, कारण तो आम्हालाही ठाऊक नव्हता. चांदणी कासव, घोरपड हे आपल्याकडचे प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात ठेवले तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कासव घरात असलं की लक्ष्मी येते, या समजुतीला कायद्यात जागा नाही. मांडुळाभोवतीच्या गुप्तधनाच्या गोष्टी आपल्या भागात सगळ्यांनी ऐकल्यात. त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. इग्वाना, बॉल पायथन असे परदेशी प्राणी २०२२ च्या दुरुस्तीनं कायद्याच्या कक्षेत आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. म्हणजे पावती न मागणं हा साधा विसराळूपणा नव्हता.

कोणी म्हणेल, मग काय जनावरं पाळायचीच नाहीत? आपण तर बैल पाळतो, शेळ्या पाळतो, पोळ्याला बैलांची पूजा करतो. बरोबर आहे. पण बैल तहानला की हंबरतो, कुत्रं भुकेलं की दारात येऊन केकाटतं. ते आपल्याशी बोलतात आणि पिढ्यान् पिढ्या आपण त्यांचं बोलणं शिकलोय. सरडा, साप, कासव गप्प बसून सोसतात. आपल्याला वाटतं, किती शांत आहे! त्यांच्या बाबतीत आपलं लक्ष हाच त्यांचा आवाज.

नीलिमकुमार खैरे यांचं नाव काही जणांना माहीत असेल. जानेवारी १९८० मध्ये पुण्यात ते ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या केबिनमध्ये राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, त्यामागे तेच होते. तसलं धाडस कोणी करू नये. पण मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. त्या काचेच्या आत माणूस स्वतः बसला होता. आम्ही आमच्या कपाटात एप्रिलच्या दुपारी साधा हातही घालून पाहिला नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक सुचवतो. कपाट बनवायचंय ना? खुशाल बनवा. पण प्राणी आणू नका. आत दोन थर्मामीटर लावा, एक वर, एक खाली. पूर्ण मे महिना सकाळी, दुपारी, रात्री आकडे वहीत लिहा. लाइट गेली त्या दिवशी लिहा, परीक्षेच्या दिवशी लिहा, लग्नाला गावाला गेलात तर कोणाला तरी लिहायला सांगून जा. महिनाभर रिकामं कपाट पाळता आलं नाही, तर पंधरा वर्षं जिवंत प्राणी पाळता येणार नाही. आणि जमलंच, तर नोंदणीचा कागद आधी बघा, प्राणी नंतर.

आमचं कपाट अजून पडवीतच आहे. मी होल्डर काढून टाकलं, भोक तसंच आहे. दोन थर्मामीटर मी नंतर आणले, उशिरा. ते माझ्याकडे नुसते पडून आहेत. कोणाला हवे असतील तर सांगा, मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन येतो. वही मात्र तुमची तुम्ही आणा.